‘या, बसा’ची वाट बघू नकोस

हे बघ, स्वेटर किती घ्यायचे, लोणच्याची बरणी सामानात कुठे बसवायची, याची यादी काकू करतेच आहे. त्यात मी तोंड घालत नाही. मला तुझ्याशी जे बोलायचंय ते तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही, म्हणून हे असं लिहून.

तू ग्यॉटिंगनला चाललीयस याचा आनंद माझ्या पोटात मावत नाही. मी माझी ऐन उमेदीची वर्षं त्या गावात काढली. पण आनंदासोबत थोडी काळजीही आहे, आणि ती परीक्षेची किंवा थंडीची नाही. तू आपल्या घरची मुलगी आहेस. कुणाला त्रास द्यायचा नाही, आपण होऊन मागायचं नाही, आग्रह झाल्याशिवाय दुसरी पोळी घ्यायची नाही, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. इथे ते खपून जातं, कारण समोरचा आग्रह करतोच. तिथे आग्रह नावाची गोष्टच नाही. ‘नको’ म्हणालीस की विषय संपला. त्यात तुटकपणा नसतो गं. तू ‘नको’ म्हणालीस म्हणजे तुला खरंच नको असणार, इतका त्यांचा तुझ्या शब्दावर विश्वास असतो.

मी ज्या घरात खोली घेतली तिथे आम्ही चौघं होतो. चार खोल्या, एक स्वयंपाकघर, फ्रिजमध्ये प्रत्येकाचा एकेक कप्पा आणि दारावर साफसफाईच्या पाळ्यांचा कागद. समोरच्या खोलीतली मुलगी वनशास्त्र शिकत होती. दार सतत बंद. जिन्यात भेटली की हसायची, नमस्कार-चमत्कार व्हायचे, पुढे काही नाही. आठवडे गेले. एका रविवारी मी पोहे करायला घेतले, दुप्पट भिजवले आणि तिचं दार वाजवलं. म्हटलं, खाणार का? ती लगेच उठून आली. दोन वेळा घेऊन खाल्ल्यावर म्हणाली, तू इतक्या लांबून आलीस, तुला शांतता हवी असेल असं वाटलं, म्हणून मी दार वाजवत नव्हते. म्हणजे भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन सभ्य मुली एकमेकींना त्रास होऊ नये म्हणून एकेकट्या जेवत होत्या! ती आजही माझी जिवाची मैत्रीण आहे. म्हणून तुला सांगते, दार तू वाजव. पहिल्याच आठवड्यात वाजव.

गाव तसं लहान. वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, आणि दर चार-पाच माणसांमागे एक विद्यार्थी. विद्यापीठ १७३७ साली सुरू झालं, आणि तेव्हापासून गाव त्याच्याभोवतीच फिरतंय. जुन्या गावाला एके काळी तटबंदी होती. तिचा मातीचा बांध अजून आहे, वर लिंडनची झाडं, आणि त्यावरून गावाभोवती आरामात चालून यायला तासभर लागतो. बांधाला लागूनच एक छोटं गोल घर दिसेल. तिथे कॉलेजात असताना बिस्मार्क राहायचा, कारण त्याचा दंगा ऐकून गावाने त्याला आत राहायला बंदी केली होती. गावातली घरं बघताना मान वर ठेव. भिंतींवर पांढऱ्या संगमरवरी पाट्या आहेत, नुसतं नाव आणि तो माणूस तिथे कधी राहिला ती वर्षं. गाऊस, ग्रिम बंधू, हाइन्रिश हाइने, ओपनहायमर. दूध आणायला निघालं तरी अशा दहा नावांखालून जावं लागतं.

आणि इथेच आपली छाती दडपते. एवढी थोर माणसं इथे होऊन गेली, त्यात मी कोण, असं वाटायला लागतं. वर्गात मागच्या बाकावर बसावंसं वाटतं. तसं वाटेल तेव्हा दोन बायका आठव.

एक डोरोथिया श्ल्योत्सर. १७८७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, तिने या विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. जर्मनीत तत्त्वज्ञान शाखेची डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली बाई. विद्यापीठाला पन्नास वर्षं झाली म्हणून मोठा समारंभ होता आणि त्यातच तिची पदवी जाहीर झाली. पण अविवाहित मुलीने अशा सभेत यायचं नाही असा दंडक. मग तिने स्वतःचा पदवीदान समारंभ पलीकडच्या ग्रंथालयाच्या खिडकीतून पाहिला. परीक्षा तिने दिली, उत्तरं तिने दिली, आणि बसायला खुर्ची नाही.

दुसरी एमी नोएथर. ती तर तुझ्याच विषयातली, तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. हिल्बर्ट आणि क्लाइन या दोघा गणितज्ञांनी तिला १९१५ साली बोलावून घेतलं, पण बाईला शिकवायचा अधिकार द्यायला प्राध्यापकमंडळी तयार होईनात. चार वर्षं तिची व्याख्यानं हिल्बर्टच्या नावावर जाहीर व्हायची आणि शिकवायची ती. अधिकार मिळाला १९१९ मध्ये, आणि पगार म्हणावं असं काही त्याच्याही नंतर. तू ज्या बुन्सेनश्ट्रासंवरच्या गणित संस्थेत जाणार आहेस ती इमारत १९२९ ची, म्हणजे नोएथर तिथे वावरलेली आहे. आत काचेच्या कपाटांतून गणिती पृष्ठभागांचे प्लास्टरचे जुने नमुने मांडून ठेवलेत. पहिल्या दिवशी घाई असली तरी पाच मिनिटं त्यांच्यापाशी थांब. मला गणितातलं ओ की ठो कळत नाही, तरी ते नमुने बघताना हात लावायचा मोह व्हायचा.

तर तुला खुर्ची मिळालेली आहे. पुढच्या रांगेत बस.

प्राध्यापकांना भेटायची वेळ दारावर लिहिलेली असते. आपल्याला वाटतं, एवढ्याशा शंकेसाठी कशाला जायचं, ते रागावतील. ती वेळ तुझ्यासाठीच राखलेली असते आणि कुणी गेलं नाही तर ते बिचारे एकटे बसलेले असतात. शंका घेऊन जा. ‘मला हे कळलं नाही’ असं सरळ म्हण. तिथे ते कमीपणाचं नाही. उलट काहीच न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला विषयात रस नाही असं समजतात, आणि आपली कितीतरी हुशार मुलं तशीच मागे राहतात. ‘हिवी’चं, म्हणजे विद्यार्थी-मदतनिसाचं, कामही असंच. संस्थेतल्या संशोधनात मदत करायची, पहिल्या वर्षाच्या मुलांच्या वह्या तपासायच्या, त्याचे पैसे मिळतात. त्यातली बरीच कामं फळ्यावर लागण्याआधीच तोंडी ठरतात. दुसऱ्या सत्रात जाऊन विचार की माझ्यासाठी काही आहे का. बँकेत अडकवून ठेवलेल्या ११,९०४ युरोंमधून महिन्याला ९९२ च तुझ्या हातात पडणार, आणि त्यातून भाडं, विमा, खाणं सगळं. काकांकडे मागायला तुला जड जाईल हे मला ठाऊक आहे. प्राध्यापकांकडे काम मागायला जड वाटून घेऊ नकोस.

मागून शिकण्याची गोष्ट निघालीच आहे तर आपल्या पुण्याचंही ऐक. मी संस्कृतच्या अभ्यासासाठी जर्मनीला निघाले तेव्हा नात्यातल्या झाडून सगळ्यांनी विचारलं होतं, संस्कृत शिकायला तिकडे कशाला? त्यांना मी फ्रान्त्स कीलहॉर्नची गोष्ट सांगायचे. हा जर्मन माणूस १८६६ साली डेक्कन कॉलेजात प्राध्यापक म्हणून आला आणि १८८१ पर्यंत राहिला. येताना संस्कृत शिकूनच आला होता, तरी पुण्यातल्या शास्त्र्यांपुढे बसून तो व्याकरण पुन्हा शिकला. नागोजीभट्टांचा परिभाषेन्दुशेखर, पतंजलीचं महाभाष्य, असले ग्रंथ ओळ न् ओळ समजावून घेतले. प्राध्यापकाची खुर्ची असताना शिष्य व्हायला तो लाजला नाही. त्याने संपादित केलेलं महाभाष्य मुंबईत छापलं गेलं आणि आजही त्याच्यावाचून पान हलत नाही. इथून गेला तो थेट ग्यॉटिंगनला, आणि १९०८ मध्ये जाईपर्यंत तिथेच शिकवत होता. त्याच्या मागे डेक्कन कॉलेजात त्याच्या जागी आले रामकृष्ण गोपाळ भांडारकर, आणि १८८५ साली त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली ती ग्यॉटिंगननेच. हे मी तिथल्या ग्रंथालयात बसून वाचलं तेव्हा माझा परकेपणा निम्मा गळून पडला होता. आपलं आणि त्या गावाचं येणं-जाणं जुनं आहे. तू काही त्या वाटेने निघालेली पहिली नाहीस.

आता थंडीचं. पहिला बर्फ पडेल तेव्हा तू नाचशील, फोटो पाठवशील, सगळं होईल. त्रास बर्फाचा नसतोच. त्रास असतो तो नोव्हेंबरचा. तेव्हा बर्फही नसतो, नुसतं करडं आभाळ आणि भुरभुर पाऊस. डिसेंबरात तर साडेआठच्या सुमाराला उजाडतं आणि सव्वाचारच्या आत दिवे लागतात. तू वर्गात जाशील अंधारात आणि बाहेर येशील अंधारात. मग अंथरुणातून उठावंसं वाटत नाही, जेवण करावंसं वाटत नाही, आणि आपण आळशी झालो की काय असं मनात येतं. तो आळस नव्हे. उजेड कमी पडला की शरीर तसं करतं. दुपारी बारा ते दोनच्या मध्ये, ढग असले तरी, त्या बांधावरून एक चक्कर मारायचीच. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून घे. आणि तरीही रडू यायला लागलं, झोप उडाली, तर विद्यार्थ्यांसाठी समुपदेशक असतात, त्यांच्याकडे जा. त्यासाठी पैसे पडत नाहीत आणि घरी कुणाला कळत नाही. मी गेलेय. काकूला हे माहीत नाही, माझ्या आईलाही बरंच उशिरा सांगितलं. जाऊन आल्यावर मला हलकं वाटलं, एवढंच तुला सांगते.

रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच सगळं भरून ठेव. सायकल घे, पण दिवा आणि कुलूप चांगलं घे, तिथे सायकली फार चोरीला जातात. घरपट्टीसारखी रेडिओची वर्गणी प्रत्येक घराला भरावी लागते, महिन्याला १८.३६ युरो, ती चौघांत वाटून घ्या. पत्ता नोंदवायला दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत जायचं असतं, ते विसरू नकोस. बाकी सगळं तुझं तू शिकशील.

खोली शोधताना वाईट अनुभव येऊ शकतात, ते आधीच सांगून ठेवते. फोनवर नाव ऐकलं आणि खोली अचानक ‘गेली’, असं माझ्या बाबतीत एका घरमालकाने केलं. माझ्या जर्मन मैत्रिणीने दहा मिनिटांनी फोन केला तर ती रिकामीच होती. खूप लागलं मला ते. अशा वेळी गप्प बसून सगळ्या गावाला नावं ठेवायची नाहीत, आणि माझंच काही चुकलं असंही म्हणायचं नाही. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कक्षात जाऊन सांगायचं. मी सांगितलं, आणि तिथल्या बाईंनीच मला पुढच्या घराचा पत्ता दिला.

त्या गावाने गप्प बसण्याची किंमत मोजलेली आहे, म्हणून मी एवढं बजावून सांगतेय. १८३७ साली हानोव्हरच्या राजाने राज्यघटना रद्द केली तेव्हा सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला. त्यांत ग्रिम बंधू दोघेही होते. सातही जणांची नोकरी गेली, तिघांना तर देशाबाहेर काढलं. गाव त्यांचा अभिमान बाळगतं, आणि बाळगावाच. पण पुढे १९३३ च्या एप्रिलमध्ये ज्यू प्राध्यापकांना काढायचा कायदा आला तेव्हा काय झालं? जेम्स फ्रांक, नोबेल मिळालेला भौतिकशास्त्रज्ञ, पहिल्या महायुद्धात लढलेला म्हणून त्याची नोकरी वाचत होती. त्याने उघडपणे राजीनामा दिला. त्याच्या बाजूने उभं राहायचं सोडून त्याच विद्यापीठातल्या ४२ शिक्षकांनी त्याच्याविरुद्ध पत्रक काढलं. नोएथर गेली, मॅक्स बॉर्न गेला, कूरांट गेला. मे महिन्यात अल्बानीप्लाट्सवर पुस्तकं जाळली, आणि जाळणाऱ्यांत विद्यार्थी होते. जगातलं गणिताचं माहेरघर काही महिन्यांत ओस पडलं. तू त्या चौकातून रोज सायकलने जाशील. एकदा उतरून उभी राहा.

आणि मग बार्बराची गोष्ट. ही मला तिथल्या एका वयस्कर शेजारणीने सांगितली, पुढे मी ती वाचलीही. बार्बरा ही पॅरिसची गायिका, ज्यू. लहानपणी युद्धात नाझींपासून लपतछपत दिवस काढलेले. १९६४ साली ग्यॉटिंगनच्या एका छोट्या नाट्यगृहाने तिला गायला बोलावलं. जर्मनीत पाऊल ठेवायची तिची इच्छा नव्हती, पण आली. येऊन बघते तर रंगमंचावर ग्रँड पियानो नाही, भिंतीला लावून ठेवायचा साधा पियानो. ती म्हणाली, यावर मी गाणार नाही. आपण असतो तर म्हटलं असतं, असू दे, चालवून घेते. तिने चालवून घेतलं नाही. मग विद्यार्थ्यांनी धावाधाव केली, एका म्हाताऱ्या बाईंनी आपल्या घरचा पियानो देऊ केला आणि मुलांनी तो अंगावर उचलून गावातून आणला. कार्यक्रम उशिरा सुरू झाला, आणि असा रंगला की ती मुक्काम वाढवून राहिली. जायच्या आधी नाट्यगृहाच्या बागेत बसून तिने त्या गावावर गाणं लिहिलं. फ्रान्स आणि जर्मनीची मनं जुळवणारं गाणं म्हणून ते दोन्हीकडे मानतात. तिच्या नावाचा रस्ता आहे तिथे.

मला या गोष्टीत सगळ्यात काय आवडतं सांगू? तिने मागितलं म्हणून त्या मुलांना काही देता आलं. वीस-बावीस वर्षांची पोरं ती. त्यांच्या आधीच्या पिढीने जे केलं त्याचं ओझं त्यांच्या डोक्यावर, आणि त्या ओझ्याचं करायचं काय हे कुणी सांगायला नाही. तिने त्यांना उचलायला एक पियानो दिला. आपण संकोच करतो तेव्हा समोरच्याचीही संधी जाते, हे मला त्या गावात कळलं.

बाकी मनाचं. तिथे कुणी आवडलं तर आवडू दे. लपवू नकोस, घाईही करू नकोस, आणि एकटेपणाला प्रेम समजू नकोस. नोव्हेंबरात ठरवलेली गोष्ट मे महिन्यापर्यंत थांबवून बघ. मे महिन्यात त्या गावात साडेनऊपर्यंत उजेड असतो, सगळे नदीकाठी नाहीतर बागेत गवतावर पडलेले असतात. तेव्हाही तोच माणूस हवासा वाटला तर मला सांग. काकूचं मी बघते.

घरी फोन करताना नुसतं ‘मी मजेत’ म्हणू नकोस. ते काळजी करतील म्हणून आपण सगळं गोड गोड सांगतो, आणि मग आपलं खरं आयुष्य त्यांना माहीतच नसतं. लहानसहान अडचणी सांगत जा, म्हणजे मोठी आली तर ती सांगायलाही तोंड उघडेल.

गेन्सेलीझेलचं सांगायचं राहिलं. जुन्या नगरभवनासमोर कारंज्यावर हंस घेतलेल्या मुलीचा पुतळा आहे, १९०१ चा. म्हणजे मूळ पुतळा आता संग्रहालयात आहे, चौकात त्याची प्रतिकृती. डॉक्टरेट झाली की वर चढून तिचा मुका घ्यायचा आणि तिला फुलं द्यायची, अशी रीत. १९२६ मध्ये नगरपालिकेने बंदीही घातली होती, पण कुणी मानली नाही. माझी तोंडी परीक्षा झाली तेव्हा संस्थेतल्या मुलांनी मला हातगाडीत बसवून गावातून ओढत नेलं. डोक्यावर त्यांनीच बनवलेली पुठ्ठ्याची टोपी. तिच्यावर प्रत्येकाने काहीबाही चिकटवलेलं असतं. माझ्या टोपीवर देवनागरीत ‘डॉक्टर’ लिहिलं होतं, त्यातला ‘ऑ’चा चंद्र उलटा, आणि वर कुकरची खरीखुरी शिट्टी, समोरच्या खोलीतल्या मैत्रिणीने बांधलेली. लोक रस्त्यात थांबून टाळ्या वाजवत होते. एक आजोबा सायकलवरून उतरले आणि टोपी काढून उभे राहिले. पुतळ्यापर्यंत चढायला साडी नेसून कठीण जातं, तर मी खालून तिघांना हाक मारली, त्यांनी मला वर चढवलं.

तुझं मास्टर्स आहे, त्याला हा मान नाही. पुढे तिथेच पीएचडी करायची ठरली तर मी येणार, आणि हातगाडी ओढणाऱ्यांत मला एक जागा हवी, हे आत्ताच सांगून ठेवते.

तिकीट काढलंस की कळव. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पोचलीस तर बरं, नवीन मुलांसाठी गाव दाखवायचे कार्यक्रम असतात आणि ओळखी तिथेच होतात. मैत्रिणीचा नंबर सोबत पाठवतेय. ती अजून तिथेच असते, मराठी पोहे खाते आणि तुझी वाट बघतेय. तिला फोन तू कर.